जुनी मोटार : सुधारक आणि सनातनी

सामाजिक सुधारणेचा वाद महाराष्ट्राने शंभर वर्षे पोटभर घातला. त्यातून जे निष्पन्न व्हावयाचे ते झाले, जे राहावयाचे ते राहिले. परंतु वाद करण्याची आमची हौस काही त्याबरोबर संपली नाही. हल्ली ती मोटारीच्या गराजात शिरली आहे. आजोबांच्या वेळची फियाट किंवा पद्मिनी वाड्याच्या पडवीत उभी असते. तिचे काय करावयाचे हा प्रश्न नातवापुढे येतो. आणि तत्काळ दोन पक्ष त्याच्या दोन्ही बाजूंस येऊन उभे राहतात. एक म्हणतो, हिचे इंजिन काढून जपानी बसवा, रुंद चाके चढवा, पाटे कापून गाडी जमिनीलगत आणा आणि सायलेन्सर असा लावा की चार पेठांना वर्दी पोचावी. दुसरा म्हणतो, हिचा एक स्क्रूही बदलू नका. बदलणे भागच पडले तर इटलीहून आणा. पहिल्यास आपण सुधारक म्हणू आणि दुसऱ्यास सनातनी. आमचे या दोघांशीही पटत नाही. परंतु भरून न येणारी हानी आज सुधारकांच्या हातून अधिक होत असल्यामुळे प्रथम त्यांचाच समाचार घेणे प्राप्त आहे.

वाङ्मयास वाहिलेल्या मासिकात हा लोखंडाचा विषय कशाला, असे कोणी विचारील. त्यास आमचे उत्तर असे की, जुन्या पोथीविषयी, जुन्या देवळाविषयी आणि जुन्या मोटारीविषयी उद्भवणारा प्रश्न तत्त्वतः एकच आहे : मागच्यांच्या हातची वस्तू आपल्या हाती आली असता तिच्यावर आपला अधिकार कोठवर चालतो? पोथीच्या बाबतीत या प्रश्नाचे उत्तर आम्हां मराठी माणसांनी मोठ्या कष्टाने मिळविलेले आहे. तेच उत्तर मोटारीस लावून पाहावे, इतकाच या लेखाचा हेतू.

सोलापूरकरांस या प्रश्नाकडे पाठ फिरविण्याची तर सोयच नाही. वालचंद हिराचंद यांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ रोजी याच शहरात झाला. सिंधिया नौकानयन कंपनी १९१९ साली, बंगलोरचा विमानांचा कारखाना १९४० साली, विशाखापट्टणची जहाजगोदी १९४१ साली आणि प्रीमियर ऑटोमोबाइल्स १९४४ साली, असा त्यांच्या उद्योगाचा क्रम आहे. परकीय सरकार अनुकूल नसताना या देशात मोटार तयार व्हावी म्हणून त्यांनी अमेरिकेतील क्रायस्लर कंपनीशी करार केला, आणि कुर्ल्याच्या कारखान्यातून डॉज, प्लिमथ व डिसोटो या नावांच्या गाड्या बाहेर पडू लागल्या. पुढे फियाटशी संबंध जुळला. १९५३ साली वालचंद निवर्तले. १९५४ पासून त्याच कारखान्यातून फियाट ११०० निघू लागली. १९६४ साली तिला ‘डिलाईट’ हे रूप आले, आणि १९७४ च्या सुमारास चितोडच्या राणीचे नाव घेऊन ती ‘प्रीमियर पद्मिनी’ झाली. इटलीत या जातीची गाडी १९६९ साली बंद झाली. आमच्याकडे ती विसावे शतक संपेपर्यंत टिकली. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीचा चेहरा म्हणून तर ती साऱ्या जगाने पाहिली. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या कचेरीत नोंदली गेली, आणि टॅक्सीच्या २० वर्षांच्या मर्यादेमुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती रस्त्यावरून गेली. वालचंदांच्या नावाची महाविद्यालये आमच्या शहरात आहेत, परंतु त्यांनी उभारलेल्या कारखान्याची मोटार आम्ही सायलेन्सरवाल्याच्या स्वाधीन करीत आहो.

या वादाची मूळपीठिका अमेरिकेत आहे. तेथे १९६० नंतरच्या दशकात मोठे इंजिन बेताच्या आकाराच्या गाडीत घालून तयार केलेल्या ज्या दांडग्या मोटारी निघाल्या त्यांस ‘मसल कार’ म्हणतात. ज्या क्रायस्लर कंपनीने वालचंदांस हात दिला तिचीच डॉज चार्जर १९६६ साली या आखाड्यात उतरली, आणि तिच्यात मिळू शकणारे ‘हेमी’ इंजिन ४२५ अश्वशक्तीचे म्हणून विकले जाई. आमच्या पद्मिनीचे १०८९ घनसेंटिमीटरचे इंजिन चाळिशीच्या आसपासच अडते. म्हणजे बहीण-बहिणीत दसपटीचे अंतर! तथापि अमेरिकन गराजातला वाद आणि आमच्याकडचा वाद यांत रतिमात्र फरक नाही. किंबहुना आमच्या तरुणांनी तो तेथूनच उचलला आहे. फरक पडतो तो इतकाच की, उचलताना त्यांनी वादाची एकच बाजू उचलली. ज्या देशाचे अनुकरण करावयाचे त्या देशात इंजिनावरचा क्रमांक आणि सांगाड्यावरचा क्रमांक मूळचे जुळतात की नाही यावर गाडीची किंमत ठरते, ही दुसरी बाजू समुद्रापलीकडेच राहिली.

आता सुधारकांचा पूर्वपक्ष निर्मळपणे मांडू. त्यांचे मुद्दे चार आहेत. पहिला : गाडी माझी, पैसा माझा, तिचे मी वाटेल ते करीन. दुसरा : जुनी गाडी जुन्या स्थितीत चालविणे धोक्याचे आहे, चारही चाकांना ड्रमचे ब्रेक, पट्ट्याचा पत्ता नाही, आणि आजच्या महामार्गावर मागून येणारा ट्रक काही तिच्या वयाचा मान राखीत नाही. तिसरा : मूळ म्हणून काही नसतेच, टायर बदलला, बॅटरी बदलली, रंग बदलला, मग इंजिनानेच काय पाप केले? चौथा : खुद्द कंपनीनेच या गाडीत फेरफार केले, शेवटीशेवटी तिला डिझेल इंजिनही दिले आणि सुकाणूच्या दांड्यावरचा गिअर खाली जमिनीवर आणला, कंपनीस जे क्षम्य ते मालकास अक्षम्य का?

पहिल्या मुद्द्याचे उत्तर कायद्यानेच देऊन ठेविले आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम सांगते की, नोंदणीपत्रातील तपशील कारखानदाराच्या मूळ तपशिलाहून भिन्न होईल असा फेरफार मालकाने करू नये. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने याच कलमाचा कडक अर्थ लावला. तेव्हा ‘वाटेल ते’ करण्याचा अधिकार मालकास नाही. परंतु आम्हांस कायद्याच्या धाकापेक्षा त्याच कायद्याने देऊ केलेला मान अधिक महत्त्वाचा वाटतो. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने जुन्या वाहनांकरिता स्वतंत्र नियम केले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षे उलटलेली, मूळ स्वरूपात राखलेली आणि सांगाडा, बॉडी व इंजिन यांत मोठा फेरफार न झालेली गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदता येते. तिच्या क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये व पुढील नूतनीकरणाची ५,००० रुपये ठरविण्यात आली.

हा ५० वर्षांचा आकडा वाचकांनी नीट ध्यानात घ्यावा. १९७४ साली नोंदलेल्या पद्मिनीस २०२४ साली ५० वर्षे पूर्ण झाली. म्हणजे पद्मिनी या नावाच्या गाड्या या उंबरठ्यावर आत्ता कोठे पाऊल ठेवू लागल्या आहेत, आणि येथून पुढे प्रतिवर्षी एकेका सालची तुकडी त्यावर येऊन उभी राहणार आहे. अशा नेमक्या वेळी तिच्या पोटातले इंजिन काढून भंगारात टाकणे म्हणजे मुलगा पदवीच्या परीक्षेस बसावयाच्या आदल्या दिवशी त्याचे नाव महाविद्यालयातून काढण्यासारखे आहे. अशी नोंद झालेली गाडी रोजच्या वापरास नेता येत नाही, केवळ प्रदर्शन, मिरवणूक, संशोधन, इंधन आणि दुरुस्ती एवढ्यापुरतीच रस्त्यावर आणता येते, हे आम्हांस ठाऊक आहे. आणि ही मर्यादा काहीशी जाचक आहे हेही आम्ही मान्य करतो. परंतु दार केव्हा उघडावयाचे हा एक प्रश्न आणि ते कायमचे चिणून टाकावयाचे काय हा दुसरा. आजचा मालक उद्याच्या मालकाच्या वतीने दार चिणतो. ‘माझी गाडी’ या दोन शब्दांत इतका अधिकार खचित मावत नाही.

दुसरा मुद्दा सुरक्षिततेचा. तो खरा आहे, म्हणूनच त्याच्या आडून बाकीचे मुद्दे आत शिरतात. जीव वाचविणाऱ्या गोष्टी करू नयेत असे कोणता शहाणा म्हणेल? पट्टे लावावेत, दिव्यांचा उजेड वाढवावा, मे महिन्याच्या सोलापुरी उन्हात रेडिएटर उकळतो तर त्यास पंख्याची जोड द्यावी. इंधनाची गोष्ट तर याहून निकडीची. २००० साली शिशाचे पेट्रोल बंद झाले, आणि २०२५ च्या सुमारास पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचा पल्ला देशाने गाठला. ते इथेनॉल पुष्कळसे आमच्याच सारख्या उसाच्या जिल्ह्यांतून जाते. ते जुन्या रबरी नळ्या व वॉशर झिजविते, आणि हवेतील ओल शोषून टाकी व कार्ब्युरेटर गंजविते. तेव्हा नळ्या त्या इंधनास टिकतील अशा घालणे भागच आहे. परंतु या सर्व बदलांत एक समान लक्षण आहे : ते उद्या काढून पूर्ववत करता येतात, आणि त्यांकरिता पत्रा कापावा लागत नाही. याउलट, चाळीस अश्वशक्तीच्या सांगाड्यात शंभर अश्वशक्तीचे इंजिन घालणारा मनुष्य सुरक्षिततेचे नाव घेतो तेव्हा हसू आवरत नाही. ज्यास सुरक्षिततेची खरी काळजी आहे त्याने ही गाडी ताशी ५० किलोमीटरने चालवावी. तिच्याइतकी सुरक्षित गाडी मग दुसरी नाही.

तिसरा मुद्दा तत्त्वज्ञानाचा आहे आणि तो ऐकून आम्हांस आनंद होतो; कारण गराजात बसून आमचे तरुण नकळत मिलिंद राजाच्या सभेत जाऊन पोचले. भिक्षू नागसेनाने राजास विचारले होते की, तू ज्या रथातून आलास तो रथ म्हणजे काय? आस म्हणजे रथ काय? चाके म्हणजे रथ काय? राजा प्रत्येकास ‘नाही’ म्हणत गेला. ग्रीकांनीही थीसियसच्या जहाजाच्या फळ्या एकेक बदलून हाच घोळ घातला. परंतु नागसेनास आत्म्याविषयीचे एक मत सिद्ध करावयाचे होते. रथशाळेतील सुतारास त्याने आस मोडण्याचा परवाना दिला नव्हता. काही भाग बदलतात म्हणून सर्व भाग सारखेच, हा तर्कच खोटा. चपला झिजतात म्हणून कोणी पाय बदलीत नाही. टायर, बॅटरी, ब्रेकचे लायनर हे झिजण्याकरिताच केलेले असतात. कारखानदारानेच ते बदलण्याची तजवीज करून ठेविलेली असते. इंजिन, सांगाडा, बॉडीचा घाट, सुकाणूच्या दांड्यावरचा गिअर यांवरून ती गाडी ओळखली जाते. या दोहोंतील सीमा काही ठिकाणी पुसट असेल. पण संध्याकाळ पुसट असते म्हणून दिवस आणि रात्र एकच ठरत नाहीत.

चौथ्या मुद्द्याचे उत्तर वाङ्मयाच्या वाचकास सहज सुचेल. ग्रंथकाराने आपल्या ग्रंथाची दुसरी आवृत्ती सुधारून काढली, तर ती त्याची आवृत्ती होय. वाचकाने ग्रंथालयाच्या प्रतीत शाईने नवे प्रकरण लिहिले, तर ती आवृत्ती नव्हे. पद्मिनी ही मुळात इटालियन गाडीचे रूपांतर आहे हे आम्ही नाकारीत नाही. ‘ऑथेल्लो’वरून देवलांनी ‘झुंझारराव’ केला. म्हणून कोणा नटाने ‘झुंझाररावा’त आपल्या पदरची चार पदे घालावीत काय? रूपांतरासही स्वतःची संहिता असते. उलट कुर्ल्याच्या कारखान्याने कोणत्या साली काय बदलले, गिअर केव्हा खाली आला, डिझेल केव्हा आले, हाच तर या देशाच्या यंत्रविद्येचा इतिहास आहे, आणि तो जागोजाग उभ्या असलेल्या गाड्यांच्या अंगावर लिहिलेला आहे. १९७८ ची गाडी १९९६ सारखी केली की त्या इतिहासाचे एक पान फाटते. कोरियन किंवा जपानी इंजिन घातले की चार पाने फाटतात.

येथवर सुधारकांचे झाले. आता सनातन्यांकडे वळू; कारण ते आतापर्यंत आमच्या बाजूस बसून मान डोलवीत असतील. त्यांचे पाप वेगळ्या जातीचे आहे. जुनी गाडी ताब्यात येताच ते तिचा रंग तासून काढतात आणि कारखान्यातून निघाली तेव्हाही नव्हती इतकी तिला चकचकीत करतात. पन्नास वर्षांत बसून बसून मऊ झालेल्या आसनांचे रेक्झिन टाकून चामडे घालतात, डॅशबोर्डवर कोणा गृहस्थाने उन्हाळ्यासाठी हौसेने बसविलेला छोटा पंखा ‘मूळचा नाही’ म्हणून उपटून फेकतात, आणि मग तिला प्रदर्शनात नेऊन ‘अस्सल’ अशी पाटी लावतात. आमच्या खेड्यापाड्यांतील हेमाडपंती देवळांस भाविक मंडळी निळा-गुलाबी ऑइलपेंट फासतात आणि त्यास जीर्णोद्धार म्हणतात; त्यातलाच हा प्रकार. सुधारक आणि सनातनी वरून एकमेकांचे वैरी दिसतात, परंतु दोघांसही एकाच गोष्टीचा तिटकारा आहे : गाडीच्या वयाचा. एकाला ती उद्याची हवी, दुसऱ्याला ती शोरूममधल्या पहिल्या दिवसाची हवी. मधली पन्नास वर्षे कोणालाच नकोत. एकोणिसाव्या शतकात जुन्या मंदिरांच्या डागडुजीवरून युरोपात असेच रण माजले होते, आणि रस्किनने १८४९ सालीच बजावले होते की, अशा अतिरेकी पुनरुज्जीवनाने इमारतीचा नाश होतो. मोटारवाल्यांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने २०१२ साली जी ट्यूरिनची सनद स्वीकारली तिचाही रोख हाच आहे : जितके राखता येईल तितके राखा, दुरुस्ती कमीत कमी करा आणि केलेली दुरुस्ती लपवू नका.

गाडीच्या वयालाही मोल असते याचा पुरावा अमेरिकेनेच दिला. ‘बुलिट’ या १९६८ च्या चित्रपटात स्टीव्ह मॅक्वीनने पळविलेली हिरवी मस्टँग जानेवारी २०२० मध्ये लिलावात ३७ लाख डॉलरांहून अधिक किमतीस गेली. तिचा रंग उडालेला होता, पत्र्यास गंज होता, आणि तिला कोणी नवी केलेली नव्हती. सुधारक येथे आम्हांस अडवतील, की त्या गाडीच्या अंगात तर चित्रीकरणाकरिता फेरफार केलेले होते! होय, केलेले होते. आणि ते तसेच ठेविले म्हणूनच ती किंमत आली. ते फेरफार त्या गाडीच्या आयुष्यात घडले होते, त्यांना कारण होते, त्यांचा साक्षीदार चित्रपट होता. टॅक्सीवाल्याने पोटासाठी डिकीत गॅसची टाकी बसविली असेल, वर कॅरिअर ठोकले असेल, तर तो त्या गाडीचा इतिहासच होय. तो उपटू नये. कष्टाने पोट भरणाऱ्या गाडीवर सोवळे लादण्याचा आमचा मुळीच विचार नाही. वालचंदांच्या कंपनीचे ‘लॉयल्टी’ जहाज ५ एप्रिल १९१९ रोजी मुंबईहून इंग्लंडला निघाले, ते तरी कोठे मूळचे होते? प्रवासी जहाज म्हणून जन्मलेले, ग्वाल्हेर संस्थानने घेऊन युद्धात इस्पितळ केलेले, मग सिंधियाने घेऊन पुन्हा प्रवासी केलेले असे ते जहाज. आणि १९२३ साली ते मोडीतही निघाले. कामातली वस्तू कामासाठी बदलते, यात दोष नाही. परंतु आज ५ एप्रिल हा राष्ट्रीय नौकानयन दिन म्हणून आपण साजरा करतो, तेव्हा त्या जहाजाची चार फळ्यांची भिंत जरी कोठे उभी असती तरी ती पाहावयास रांगा लागल्या असत्या. वस्तू कामातून निवृत्त झाली की तिच्यावरचा आपला अधिकार बदलतो. ज्याची पद्मिनी आज पोट भरीत नाही आणि ज्याच्यापाशी तिच्यावर उधळावयास लाखो रुपये आहेत, त्याने टॅक्सीवाल्याच्या गरिबीचा दाखला देऊ नये.

मग करावे काय? पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९१९ साली महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम हाती घेतले आणि १९६६ साली ते पुरे केले. डॉ. सुकथनकरांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शेकडो पोथ्या ताडून मूळ संहिता निश्चित केली. परंतु जे श्लोक प्रक्षिप्त ठरले ते त्यांनी गंगेत सोडले नाहीत. ते तळटीपांत आणि परिशिष्टांत, कोणत्या पोथीत कोणता हे सांगून, छापले. कारण प्रक्षेपही कोणाच्या तरी श्रद्धेचा पुरावा असतो. हीच रीत आम्ही जुन्या मोटारीस लावू इच्छितो. पहिला नियम : इंजिन, सांगाडा आणि बॉडी ही संहिता होय, तिला हात लावू नये. दुसरा : गाडीच्या कामाच्या दिवसांत झालेला फेरफार हा पाठभेद होय, तो नोंदून जागच्या जागी राखावा. तिसरा : आज जीव आणि इंधन यांकरिता करावा लागणारा बदल ही तळटीप होय, ती उलटविता येईल अशीच करावी आणि काढलेला भाग खोक्यात, चिठ्ठी लावून, गाडीबरोबर ठेवावा. चौथा : निव्वळ हौसेखातर पत्रा कापून केलेला बदल हा प्रक्षेप होय, तो करूच नये. ज्यास तशी हौस असेल त्याने आजची गाडी घ्यावी, आणि कायदा परवानगी देईल तितका प्रयोग तिच्यावर करावा. तिच्यासारख्या लाखो आहेत.

सरकारकडेही आमचे एक मागणे आहे. १ एप्रिल २०२२ पासून १५ वर्षांवरील खासगी मोटारीच्या फेरनोंदणीची फी ६०० रुपयांवरून ५,००० रुपये करण्यात आली. धूर ओकणाऱ्या गाड्या मोडीत निघाव्यात हा हेतू चांगला. परंतु चाळीस वर्षांची पद्मिनी व्हिंटेज होण्यास आणखी दहा वर्षे बाकी असतात, आणि त्याच दहा वर्षांत तिला भंगारवाल्याकडे ढकलण्याची सारी तजवीज नियमांत आहे. पन्नाशीला मान देणाऱ्या सरकारने चाळिशीच्या मूळ गाडीस, ती वर्षाकाठी थोडी चालत असेल तर, काही सवलत द्यावी. एका हाताने सत्काराची शाल विणावयाची आणि दुसऱ्या हाताने सत्कारमूर्तीस उपाशी ठेवावयाचे, हे बरे नव्हे.

आणि आमच्या शहराकडे दुसरे मागणे. सोलापुरात यंत्रविद्येचे शिक्षण वालचंदांच्या नावाने दिले जाते. त्या विद्यार्थ्यांसमोर कुर्ल्याच्या कारखान्यातील एक तरी गाडी, वर सांगितलेल्या चार नियमांनी राखलेली, चालती उभी असावी. तिचे बॉनेट उघडले की कार्ब्युरेटर कोठे, डायनॅमो कोठे, हे बोट ठेवून दाखविता येते. आजच्या गाडीत प्लॅस्टिकच्या झाकणाखाली ते दिसत नाही. १९४४ साली मोटार करू म्हणणाऱ्या सोलापूरच्या मनुष्याने कोणते यंत्र मागे ठेविले हे त्याच्या गावच्या मुलांस हाताने चाचपून पाहता आले पाहिजे. ज्या घरांत अशा गाड्या आहेत त्यांनी, त्या कापण्यापूर्वी, निदान एवढा विचार करावा की, कापलेली गाडी रस्त्यावर चार दिवस मिरवेल. न कापलेली गाडी त्या मुलांस पन्नास वर्षे शिकवील.